आरसीसीबी पाडणारा ओव्हन: वॉरंटी तक्रारीच्या नोंदी

उपकरण: बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हन, २३० व्होल्ट, २३०० वॅट, १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग. वॉरंटी १२ महिने, शेवटचा दिवस २० मार्च. दोष: ओव्हन लावल्यावर थोड्या वेळाने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो, पण दर वेळी नाही. मागणी: वॉरंटीत मोफत दुरुस्ती, ती जमत नसेल तर बदली.

२ मार्च

ओव्हन तीन आठवडे वापरात नव्हता. आज खालच्या हीटिंगवर १८० अंशांना लावला आणि चौथ्या मिनिटाला आरसीसीबी पडला. पुन्हा चढवल्यावर लगेच पडला. प्लग काढल्यावर चढला आणि टिकला.

आजचे काम कागदपत्रांचे. वॉरंटी संपायला अठरा दिवस उरले आहेत, त्यामुळे इथून पुढे प्रत्येक तारीख मोलाची आहे.

बिल थर्मल कागदावर छापलेले आहे. ही छपाई उजेडाने आणि उष्णतेने फिकी पडते. वर्षभरात तारीखसुद्धा वाचता येत नाही अशी बिले नेहमी पाहायला मिळतात. म्हणून ते स्कॅन केले आणि साध्या कागदावर छापूनही ठेवले. थर्मल बिल लॅमिनेट करू नये, यंत्राच्या उष्णतेने सगळा कागद काळा होतो. पैसे भरल्याची बँकेतली नोंदही काढली. बिल हरवले किंवा पुसले गेले तरी खरेदीची तारीख तिच्यावरून सिद्ध करता येते.

रेटिंग प्लेटचा फोटो घेतला. या ओव्हनची प्लेट दार उघडल्यावर खालच्या कडेला आहे. मॉडेल क्रमांक, सिरीयल नंबर, व्होल्टेज आणि वॅट एकाच फोटोत स्पष्ट आले पाहिजेत. बिलावरचा सिरीयल नंबर प्लेटवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवून पाहिला, जुळतो. इथे एका अक्षराचीही चूक असेल तर ती तक्रारीआधीच दुरुस्त करून घ्यावी. नंतर तिच्याच आधारे ‘हा आमचा माल नाही’ असे उत्तर येऊ शकते.

ओव्हन उघडलेला नाही आणि उघडायचाही नाही. मागच्या पत्र्याचा एक स्क्रू फिरलेला दिसला तरी ‘अनधिकृत हाताळणी’ असा शेरा बसतो आणि मूळ दोष बाजूला पडतो.

३ मार्च

दोष ओव्हनमध्ये आहे की घराच्या वायरिंगमध्ये, हे वेगळे करण्याचा दिवस. विक्रेत्याचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून उत्तर आधी तयार हवे.

त्याच सॉकेटवर २००० वॅटची किटली आणि नंतर तेवढ्याच वॅटचा हीटर, प्रत्येकी १५ मिनिटे चालवले. आरसीसीबी पडला नाही. ओव्हन दुसऱ्या खोलीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावला, तिथेही पडला. मग ओव्हनचे एकेक काम सुटे करून पाहिले. दर दोन चाचण्यांमध्ये तासभर थंड होऊ दिला.

फक्त दिवा आणि पंखा, २० मिनिटे: पडला नाही.
फक्त वरचे एलिमेंट, ६ मिनिटे: पडला नाही.
फक्त खालचे एलिमेंट: ३ मिनिटे ४० सेकंदांनी पडला.

वरचे एलिमेंट मुद्दाम सहा मिनिटांवर थांबवले. जास्त चालवले असते तर आतल्या उष्णतेने खालचे एलिमेंटही तापले असते आणि पुढच्या चाचणीचा निकाल बिघडला असता. असे का होते ते ५ तारखेच्या नोंदीत.

तिसऱ्या चाचणीचा व्हिडिओ सलग घेतला, एकही कट नाही. सुरुवात रेटिंग प्लेटपासून, मग प्लग आणि सॉकेट, मग नॉब खालच्या हीटिंगवर फिरवताना, मग वितरण पेटीतला आरसीसीबी आणि शेजारी सेकंदकाटा दिसणारे घड्याळ. आरसीसीबी पडल्यानंतर कॅमेरा परत रेटिंग प्लेटवर. मध्ये कट असलेला व्हिडिओ कुठल्याही ओव्हनचा असू शकतो.

४ मार्च

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजणी. अहवालावर त्यांचा परवाना क्रमांक, सही, तारीख आणि वापरलेल्या मीटरचे नाव घेतले.

आधी आरसीसीबी तपासला. ३० मिलिअँपिअरचा चांगला आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान पडतो. हा हळूहळू वाढवलेल्या गळतीवर २२ मिलिअँपिअरला पडला, म्हणजे ठीक आहे. नुसते टेस्टचे बटण दाबून हे कळत नाही. बटण एवढेच सांगते की तो पडतो. किती गळतीला पडतो ते मीटरच सांगतो.

मग लिकेज क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांभोवती एकत्र लावला. दोन्ही तारा एका क्लॅम्पमध्ये असल्या की जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना रद्द करतात. शिल्लक दिसते ती फक्त गळती. ओव्हनशिवाय घराची नेहमीची गळती १.८ मिलिअँपिअर. ओव्हन खालच्या हीटिंगवर लावल्यावर आकडे असे चढले: सुरुवातीला ५.५, एका मिनिटाला ८, दोन मिनिटांना १२, तीन मिनिटांना १७. त्यानंतर थोड्याच वेळात आरसीसीबी पडला.

घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत अशा ओव्हनला मान्य असलेली गळती किलोवॅटमागे १ मिलिअँपिअरच्या आसपास असते. या ओव्हनसाठी ती सव्वादोन-अडीच मिलिअँपिअर धरता येईल. घराची गळती वजा केली तरी तिसऱ्या मिनिटाला एकटा ओव्हन १५ मिलिअँपिअर सोडतो आहे.

शेवटी प्लग काढून इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारा आणि अर्थ यांच्यातला विरोध, मोजला. मेगर (हा विरोध मोजणारा मीटर) ५०० व्होल्ट डीसीवर ठेवला, प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिना एकमेकींना जोडून घेतल्या आणि मोजणी त्या जोडीपासून अर्थ पिनेपर्यंत केली. फेज-न्यूट्रल एकत्र जोडणे आवश्यकच आहे, नाहीतर ५०० व्होल्ट कंट्रोल बोर्डाच्या आरपार जाऊ शकतात आणि नवा दोष आपल्याच हातून तयार होतो. वाचन: ०.०४ मेगओहम. अशा तपासणीत सर्वसाधारणपणे १ मेगओहम हा किमान आकडा धरतात.

अहवालात एक गोष्ट स्पष्ट लिहून घेतली. प्लगवर घेतलेले हे वाचन संपूर्ण ओव्हनचे आहे, कारण दोन्ही एलिमेंटची न्यूट्रल बाजू आत एकत्र असते. कोणते एलिमेंट दोषी ते मेगरवरून कळलेले नाही, ते कालच्या सुट्या चाचण्यांवरून कळते. तारा सोडवल्याशिवाय मेगरने एलिमेंट वेगळे करता येत नाही, आणि तारा सोडवणे आपले काम नाही. पुराव्यात जेवढे मोजले तेवढेच लिहावे. एक दावा जास्तीचा निघाला की बाकीच्या खऱ्या दाव्यांवरही संशय येतो.

५ मार्च

कारणाचा तपशील. पुढची सगळी तक्रार याच्यावर उभी आहे.

ओव्हनचे एलिमेंट म्हणजे स्टीलची नळी, तिच्या मध्यातून नायक्रोमच्या तारेचे वेटोळे आणि दोहोंमध्ये घट्ट ठासलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड उष्णता चांगली वाहते आणि वीज अडवते, म्हणूनच ती वापरतात. तिचा एकच मोठा दुर्गुण म्हणजे ती हवेतली ओल शोषते. ओल आत जाऊ नये म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना सील असते. सील नीट बसले नसेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर उपकरण बंद असताना पूड ओल धरते आणि नळी व तार यांच्यातला विरोध कोसळतो. नळी अर्थला जोडलेली असल्याने गळती सरळ अर्थिंगमध्ये जाते आणि आरसीसीबी पडतो.

तो लगेच न पडता तीन-चार मिनिटांनी का पडतो? तापायला लागल्यावर ओलीची वाफ होऊन ती नळीत पसरते आणि टोकांकडे सरकते. गरम पुडीचा स्वतःचा विरोधही थंड पुडीपेक्षा कमी असतो. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत गळती वाढत जाते. तेवढ्यात आरसीसीबी पडला नाही आणि एलिमेंट तापतच राहिले, तर ओल निघून जाते आणि ओव्हन अगदी निरोगी वागतो. दहा-पंधरा दिवस बंद राहिला की दोष परत येतो.

म्हणून या तक्रारीतली खरी अडचण नकार ही नाही. ‘तपासले, दोष आढळला नाही’ हा शेरा ही आहे. असा शेरा प्रामाणिकपणेही लिहिला जाऊ शकतो, कारण गरम ओव्हनमध्ये दोष खरोखरच सापडत नाही. दोष कोणत्या स्थितीत येतो हे पहिल्याच पत्रात बांधून टाकले पाहिजे, म्हणजे त्या स्थितीबाहेर केलेली चाचणी ग्राह्य धरता येणार नाही.

एक इशारा. आरसीसीबीला वळसा घालून ओव्हन अर्धा तास तापवा म्हणजे बरा होतो, असा सल्ला सर्रास मिळतो. तसे करू नये. अर्थिंग कुठे सैल असेल तर ओव्हनच्या पत्र्यावर वीज येते, आणि त्या वेळी माणसाला वाचवणारी एकमेव वस्तू आपण स्वतः काढून टाकलेली असते. शिवाय पुरावा वाळून जातो आणि सील मात्र फुटलेलेच राहते.

६ मार्च

पहिले पत्र, विक्रेत्याला, ई-मेलने. प्रत उत्पादकाच्या ग्राहक सेवेला. पैसे विक्रेत्याने घेतले आणि बिल त्याचे आहे, म्हणून मुख्य पत्र त्याच्याच नावाने. वॉरंटी कार्ड उत्पादकाचे असल्याने प्रत त्यालाही जाते. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे ठरवले तरी दोघांकडे त्याच तारखेची नोंद राहते.

पत्रातले दोषाचे वाक्य चार वेळा बदलले. पहिला मसुदा होता: ‘ओव्हन नीट चालत नाही, सारखी लाइट जाते, कृपया लवकर बघा.’ यावर कोणीही येऊन ओव्हन पाच मिनिटे चालवून परत जाऊ शकतो. पाठवलेले वाक्य असे:

‘किमान दहा दिवस बंद असलेला थंड ओव्हन फक्त खालच्या हीटिंगवर १८० अंशांना लावला असता ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३ ते ५ मिनिटांत पडतो. फक्त वरच्या हीटिंगवर सहा मिनिटांत पडत नाही. ४ मार्च रोजी थंड स्थितीत ५०० व्होल्टवर मोजलेला इन्सुलेशन रेझिस्टन्स ०.०४ मेगओहम आहे. ओव्हन गरम झाल्यावर हा दोष तात्पुरता नाहीसा होतो, म्हणून तपासणी थंड स्थितीतच व्हावी.’

पत्रात बाकी मोजकेच: बिल क्रमांक आणि तारीख, मॉडेल आणि सिरीयल नंबर, वॉरंटीचा शेवटचा दिवस, मागणी आणि उत्तरासाठी १४ दिवसांची मुदत. सोबत बिल, प्लेटचा फोटो, इलेक्ट्रिशियनचा अहवाल आणि व्हिडिओ. मनस्ताप झाला, फसवणूक झाली असे शब्द काढून टाकले. त्यांचे उत्तर देणे सोपे असते आणि त्या उत्तरातच पत्र संपते. ०.०४ या आकड्याला उत्तर द्यायचे तर मोजावेच लागते.

९ मार्च

विक्रेत्याचा फोन: ‘विक्रीनंतरचे आम्ही बघत नाही, कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा.’ सेवा केंद्राला कळवले आणि तक्रार क्रमांक घेतला. पण विक्रेत्यालाही सोडले नाही. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत त्याला ई-मेल गेला: आज अमुक वाजता आपल्याकडून असे सांगण्यात आले, त्यानुसार सेवा केंद्राकडे अमुक क्रमांकाने तक्रार नोंदवली आहे, ६ मार्चच्या पत्रातील मागणी आपल्याकडेही कायम आहे, यात काही चुकीचे नोंदले असल्यास कळवावे. तोंडी बोलणे लेखी करण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

तक्रार वॉरंटी संपण्याआधी नोंदली गेली, हे सर्वांत महत्त्वाचे. टेक्निशियन मुदतीनंतर आला तरी तक्रारीची तारीखच धरली जावी, यासाठी हा क्रमांक इथून पुढच्या प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत राहील.

१३ मार्च

टेक्निशियनची भेट. भीती होती तसेच झाले.

त्यांनी आधी मल्टिमीटरने खालच्या एलिमेंटचा विरोध मोजला, ४१ ओहम. १३०० वॅटच्या एलिमेंटला २३० व्होल्टवर तेवढाच यायला हवा. ‘एलिमेंट चांगले आहे,’ असे म्हणाले. आतली तार तुटलेली नाही एवढेच यातून कळते. तार आणि नळी यांच्यातल्या इन्सुलेशनबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. मल्टिमीटरने अर्थकडचा विरोध पाहिला तरी तो मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, २३० व्होल्टला कुठे गळती होईल ते त्यात दिसेलच असे नाही. त्यासाठी मेगरच लागतो आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

मग त्यांनी वरचे एलिमेंट २०० अंशांवर २० मिनिटे चालवले आणि शेवटी खालचे दोन मिनिटे. आरसीसीबी पडला नाही. जॉब शीटवर शेरा आला: ‘दोष आढळला नाही. घरातील वायरिंग तपासावी.’

जॉब शीटवर सही करायला नकार देऊ नये. नकार दिला तर ‘ग्राहकाने सहकार्य केले नाही’ अशी नोंद होते. सही करावी, पण सहीच्या वरच आपला शेरा लिहावा. आज लिहिलेला शेरा: ‘इन्सुलेशन मोजले नाही. वरचे एलिमेंट २० मिनिटे चालवून ओव्हन गरम केल्यानंतर खालचे एलिमेंट फक्त २ मिनिटे तपासले. ६ मार्चच्या पत्रातील स्थितीत चाचणी झालेली नाही. निष्कर्ष मान्य नाही.’ जॉब शीटचा फोटो टेक्निशियनसमोरच घेतला.

टेक्निशियनशी वाद घातला नाही. त्यांना दिलेल्या साधनांत आणि वेळेत ते एवढेच करू शकत होते.

१४ मार्च

इलेक्ट्रिशियनकडून पुन्हा प्लगवरच मोजणी: ३ मेगओहम. दहा दिवसांपूर्वी ०.०४ होता. कालच्या उष्णतेने पूड बरीच वाळली. वरवर पाहता हा आकडा आपल्या विरोधात जातो, पण तो दडवायचा नाही. ओव्हन दहा दिवस बंद ठेवून हाच आकडा पुन्हा खाली आला, तर गरम केल्यावर लपणारा आणि बंद ठेवल्यावर परत येणारा दोष मोजणीने सिद्ध होईल. प्लग काढला आणि पिनांवर तारीख लिहिलेली पट्टी चिकटवली.

विक्रेता आणि सेवा केंद्र दोघांना पत्र: १३ मार्चचा निष्कर्ष मान्य नाही, फेरतपासणी खालील पद्धतीने व्हावी.
ओव्हन किमान दहा दिवस बंद आणि थंड.
सुरू करण्याआधी ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजणे. शक्य असल्यास तारा सोडवून प्रत्येक एलिमेंटचे वेगळे.
मगच फक्त खालचे एलिमेंट, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, १० मिनिटे.
सर्व वाचने जॉब शीटवर.

१६ मार्च

कायद्याचा भाग. देशागणिक तो बदलतो, फाइल मात्र सगळीकडे हीच लागते. म्हणून थोडक्यात.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडेही ती चालते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. वकील बंधनकारक नाही आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आपल्या कामाची तरतूद कलम ३८ मध्ये आहे: दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणजे ‘दोष आढळला नाही’ हा सेवा केंद्राचा शेरा अंतिम नसतो. आयोगाआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि बरीच प्रकरणे तिथूनच हलतात.

युरोपीय संघात २०१९/७७१ या निर्देशानुसार विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षे असते. पहिल्या वर्षात दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते, तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात हे गृहीतक सहा महिन्यांचे आहे, आणि पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात.

उत्पादकाची वॉरंटी आणि विक्रेत्यावरची कायद्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वॉरंटी संपली’ हे वाक्य पहिलीबद्दल खरे असले तरी त्याने दुसरी आपोआप संपत नाही.

२४ मार्च

दहा दिवस पूर्ण. सेवा केंद्राचे वरिष्ठ टेक्निशियन मेगर घेऊन आले. पिनांवरची पट्टी त्यांच्यासमोर काढली.

थंड स्थितीत प्लगवर: ०.०६ मेगओहम. आपल्या इलेक्ट्रिशियनच्या मीटरवर लगेच पुन्हा घेतले, तेवढेच. खालचे एलिमेंट सुरू केले, ४ मिनिटे ५५ सेकंदांनी आरसीसीबी पडला.

०.०४, गरम केल्यावर ३, दहा दिवसांनी ०.०६. हे तीन आकडे तारखांसह जॉब शीटवर आले आणि तपासणीचा प्रश्न मिटला. घरातली वायरिंग दहा दिवसांत बिघडून, बरी होऊन पुन्हा बिघडत नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

२७ मार्च

ओव्हन कार्यशाळेत नेला. पोचपावतीवर लिहून घेतले: सिरीयल नंबर, दोन ट्रे, एक जाळी, डाव्या बाजूच्या पत्र्यावर आधीपासूनचा एक ओरखडा, काच अखंड, मागचे सर्व स्क्रू न उघडलेले. चारही बाजूंचे आणि मागच्या स्क्रूंचे जवळून फोटो. ट्रे-जाळी परत येत नाहीत ही नेहमीची तक्रार आहे, त्यामुळे त्या शक्यतो पाठवूच नयेत. इथे चाचणीसाठी मागितल्या म्हणून दिल्या. वाहतुकीचा खर्च वॉरंटीत धरला आहे, हे ई-मेलमध्ये लेखी घेतले.

३ एप्रिल

कार्यशाळेने तारा सोडवून मोजले. खालचे एलिमेंट ०.०५ मेगओहम, वरचे ६० मेगओहम. निदान पक्के झाले. त्याच ई-मेलमध्ये दोन नवे मुद्दे मात्र आले: एलिमेंट हा झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत बसत नाही, आणि आत पाणी गेल्याची शक्यता आहे.

पहिल्याचे उत्तर वॉरंटी कार्डातच आहे. वगळलेल्या भागांची यादी अशी: दिवा, दाराची काच, दाराचे रबर, नॉब. एलिमेंट त्यात नाही. पत्रात त्या कलमाचा क्रमांक दिला आणि कलम जसेच्या तसे उतरवले, आपल्या शब्दांत नाही. यादीत नसलेला भाग नंतर तोंडी वगळता येत नाही.

दुसऱ्यासाठी फोटो मागितले. बाहेरून पाणी गेले असते तर एलिमेंटच्या टर्मिनलांवर, थिंबलांवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोप्यांवर) आणि आजूबाजूच्या पत्र्यावर गंज किंवा पांढरट-हिरवट थर दिसला असता, पाण्याचे ओघळ दिसले असते. हवेतली ओल सदोष सीलमधून पुडीत शिरली असेल तर टर्मिनले स्वच्छ राहतात आणि खराबी नळीच्या आतच असते. एलिमेंट काढण्याआधी दोन्ही टर्मिनलांचे आणि सीलचे जवळून फोटो पाठवावेत आणि काढलेले एलिमेंट प्रकरण मिटेपर्यंत जपून ठेवावे, अशी लेखी विनंती केली.

७ एप्रिल

फोटो आले. थिंबल चकचकीत, पत्र्यावर एकही डाग नाही. उजव्या टोकाच्या सीलभोवती अर्ध्या घेरात बारीक चीर आहे. नळीची कडा आणि सील यांच्यात केसाएवढी काळी रेघ दिसते. डाव्या टोकाला ती नाही. त्या रेघेवर खूण करून तोच फोटो परत पाठवला, वर एकच वाक्य: ‘सील वापरकर्त्याच्या हाताला कुठेही लागत नाही, ते मागच्या पत्र्याच्या आत आहे.’

९ एप्रिल

वॉरंटीत मोफत दुरुस्ती मान्य. खालचे एलिमेंट बदलणार. बदलीचा आग्रह धरला नाही. एका भागाचा दोष आहे, तो भाग मिळतो आहे, आणि दुरुस्तीची ही पहिलीच वेळ आहे. हाच दोष परत आला तर मात्र बदलीची मागणी बळकट होईल, म्हणून आजच्या उत्तरात तसे नोंदवून ठेवले.

काम सुरू होण्याआधी लेखी मागितले: नव्या एलिमेंटचा पार्ट क्रमांक, ‘वॉरंटी अंतर्गत दुरुस्ती’ हे शब्द जॉब शीटवर, बदललेल्या भागाची वॉरंटी किती, आणि दुरुस्तीनंतरची थंड स्थितीतली इन्सुलेशन वाचने. ‘सद्भावनेने दुरुस्ती’ असे लिहून आले तर ते बदलून घ्यावे. त्या शब्दांत दोष मान्य होत नाही, आणि पुढच्या तक्रारीत ही दुरुस्ती मोजली जात नाही.

१४ एप्रिल

ओव्हन परत आला. सिरीयल नंबर तोच, ट्रे दोन, जाळी एक, ओरखडा तोच. जॉब शीटवर पार्ट क्रमांक आणि वाचन आहे, बदललेल्या भागाला ६ महिन्यांची वॉरंटी आजपासून. जुने एलिमेंट मागून घेतले.

लगेच मोजलेले वाचन कितीही चांगले आले तरी या दोषात त्याला अर्थ नाही, कारण ओव्हन कार्यशाळेत तापवून आलेला असतो. पिनांवर पुन्हा तारखेची पट्टी, प्लग बाहेर.

५ मे

२१ दिवस बंद ठेवल्यानंतर, थंड स्थितीत, प्लगवर: ३८ मेगओहम. खालचे एलिमेंट ३० मिनिटे चालवले. घराची १.८ वजा करून क्लॅम्पवर ओव्हनची गळती जास्तीत जास्त ०.७ मिलिअँपिअर. आरसीसीबी टिकला.

वाचने विक्रेता आणि सेवा केंद्र दोघांना पाठवली, तक्रार बंद करण्यास हरकत नाही असे कळवले. फाइल १३ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे बदललेल्या भागाची वॉरंटी संपेपर्यंत हाताशी ठेवायची. वरचे एलिमेंट मूळचेच आहे. ते त्याच खेपेतले असण्याची शक्यता धरून सप्टेंबरच्या शेवटी, ओव्हन दोन आठवडे बंद ठेवून, प्लगवरचे वाचन आणखी एकदा घ्यायचे. ते १० मेगओहमच्या खाली आले तर त्याच तक्रार क्रमांकाचा संदर्भ देऊन कळवायचे.